कॉल साइन छातीवर, अँटेना टोपीवर

अमेरिकेच्या ओहायो राज्यात झीनिया नावाचं गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. मे महिन्याचा तिसरा शनिवार-रविवार जवळ आला की या गावात यजमानांपेक्षा पाहुणे जास्त होतात. २०२५ साली छत्तीस हजारांवर माणसं आली, तोवरचा उच्चांक. कोणी महाराज येणार नसतात, कसला सामना नसतो. ही सगळी गर्दी हॅम रेडिओवाल्यांची. घरातल्या एका खोलीत बसून जपानशी, ब्राझीलशी, जमलं तर अंतराळस्थानकाशी बोलायचा सरकारी परवाना ज्यांच्या खिशात आहे अशा लोकांची. मेळाव्याचं नाव हॅमव्हेन्शन.

आता प्रश्न असा, की हवेतून कुठंही पोचणारी ही मंडळी विमानाचं तिकीट काढून, हॉटेलांचे चढे दर मोजून एका मैदानावर कशाला जमतात?

कारण रेडिओवर ती फारसं बोलतच नाहीत. पुष्कळशा संभाषणांत दोघं एकमेकांना आपापली कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं अक्षर-आकड्यांचं नाव, देतात, आवाज कसा येतोय ते सांगतात, मग नाव, गाव, हवापाणी आणि रामराम. जास्तीत जास्त संपर्क साधायची स्पर्धा चालू असेल तर नाव-गावसुद्धा गाळतात. काय बोललो याला महत्त्व नसतंच, दहा-पंधरा हजार किलोमीटरवर पोचलो याला असतं. मेळाव्यात पोचायचा प्रश्न मिटलेला. मग वर्षभर तुंबलेल्या गप्पा सुटतात त्या तीन दिवस थांबत नाहीत. अशा समोरासमोरच्या भेटीला या जमातीत 'आयबॉल' म्हणतात.

गाव बदललं, नाव नाही

पहिलं हॅमव्हेन्शन १९५२ च्या मार्च महिन्यात शेजारच्या डेटन शहरात, बिल्टमोर हॉटेलात भरलं. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. भरवणारा तेव्हाही तिथला रेडिओ क्लब होता, आजही तोच आहे आणि राबणारे सगळे स्वयंसेवक. १९६४ पासून तब्बल २०१६ पर्यंत मुक्काम हारा अरीना नावाच्या इमारतीत. शेवटी शेवटी ती इमारत पार थकली होती. छप्पर गळायचं, आणि एकदा तर बाहेरच्या जुन्या सामानाच्या बाजारात सांडपाणीच उफाळून आलं. तरी लोक येतच राहिले. २०१६ मध्ये हारा बंद पडलं तेव्हा ज्यांनी त्या छपराला वर्षानुवर्षं नावं ठेवली तेच हळहळले.

२०१७ पासून मेळावा झीनियाच्या ग्रीन काउंटी मैदानावर आहे. पहिल्याच वर्षी पावसानं स्वागत केलं आणि घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आतलं सगळं मैदान, म्हणजे जिथं जुन्या सामानाचा बाजार भरतो तेच, चिखलात गेलं. पण आजही कोणी 'झीनियाला चाललोय' म्हणत नाही. सगळे 'डेटनलाच' जातात. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं कोविडमुळे मेळावा रद्द झाला. हजारो किलोमीटर अंतर राखून मैत्री करणाऱ्यांनाही सहा फुटांचं अंतर पेललं नाही म्हणायचं!

नाव विचारायच्या आधी

इथं कोणी तुमचं तोंड बघत नाही, छाती बघतं. कारण छातीवरच्या बिल्ल्यावर ठसठशीत अक्षरांत कॉल साइन असते, आणि वर्षानुवर्षं ओळख असते ती तिचीच. बिल्ल्यावर 'व्हीयू' दिसलं की गडी भारतातला. 'जेए' म्हणजे जपान, 'डीएल' म्हणजे जर्मनी. अमेरिकेत मोटारीच्या नंबरप्लेटवरही कॉल साइन मिळते. त्यामुळे पार्किंगची जागा हीच एक टेलिफोन डिरेक्टरी होऊन बसते. हौशी लोक टोपीवर अँटेना लावून फिरतात आणि ती चालतेसुद्धा.

कॉल साइनमागे कोण बसलंय याचा भरवसा नसतो. जॉर्डनचे राजे हुसेन 'जेवाय१' या नावानं हवेत यायचे. स्पेनचे राजे हुआन कार्लोस, थायलंडचे राजे भूमिबोल, राजीव गांधी हे सगळे परवानाधारक. राजीव गांधींची कॉल साइन होती 'व्हीयू२आरजी'. अभिनेता मार्लन ब्रँडो तर ताहितीकडच्या आपल्या बेटावरून खोट्या नावानं गप्पा मारायचा. हवेत 'महाराज' म्हणायचा प्रघात नाही. पुरुष असेल तर तो 'ओएम', म्हणजे ओल्ड मॅन, मग वय सोळा का असेना. बाई असेल तर 'वायएल', यंग लेडी, मग वय नव्वद असलं तरी. हा पक्षपात कोणाच्या बाजूचा, ते वाचकांनी ठरवावं.

पाच नऊ, पुन्हा सांगा

आवाज किती स्वच्छ आहे याला पाचपैकी गुण आणि किती जोरकस आहे याला नऊपैकी. म्हणजे 'पाच नऊ' हा सर्वोत्तम अहवाल. स्पर्धेत मात्र सगळ्यांना सरसकट पाच नऊच दिले जातात. म्हणून जगभरच्या हवेत दर स्पर्धेला हा संवाद ऐकू येतो: 'तुम्ही पाच नऊ आहात, अगदी उत्तम! आता कॉल साइन पुन्हा सांगा, काही ऐकू आलं नाही.' इतकी शिस्तशीर थाप दुसऱ्या कुठल्या छंदात मारत असतील असं वाटत नाही.

७३ म्हणजे लोभ असावा

निरोप घेताना हॅम मंडळी 'सेव्हन्टी-थ्री' म्हणतात. हा तारायंत्रवाल्यांचा एकोणिसाव्या शतकातला वारसा: लांबलचक वाक्यांऐवजी आकडे पाठवायचे. ७३ म्हणजे शुभेच्छा. मोर्समध्ये ७ वाजतो दा-दा-डि-डि-डिट आणि ३ वाजतो डि-डि-डि-दा-दा. म्हणजे ७३ उलटा वाजवला तरी ७३ च! ८८ म्हणजे प्रेम आणि पापे, तेव्हा कोणाला पाठवताय ते बघून पाठवा. बायका आपसांत ३३ वापरतात. नवरा-बायको दोघंही हॅम असतील आणि जोडीनं एखाद्याला निरोप देत असतील तर १६१. का? ७३ अधिक ८८. बेरीज करून बघा.

मेळाव्यात 'सेव्हन्टी-थ्रीज' असं अनेकवचन मात्र करू नका. एखादे आजोबा तिथल्या तिथं शिकवणी घेतील.

गाणं वाजवाल तर खबरदार

हॅम रेडिओवर गाणी लावायला बंदी आहे. धंद्याचं बोलायलाही बंदी आणि गुप्त सांकेतिक भाषेत बोलायलाही. जे बोलायचं ते साऱ्या जगाला ऐकू जाईल असंच. गाण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या नियमांत एक खिडकी ठेवलेली आहे: अंतराळयानातल्या माणसांचं संभाषण पुन्हा प्रक्षेपित करताना त्यात ओघानं संगीत आलं तर चालेल. म्हणजे गाणं लावायची फारच हौस असेल तर आधी कोणाला तरी वर धाडावं लागेल.

अंगठ्यांची शर्यत

अमेरिकेनं २००७ च्या फेब्रुवारीत परवान्यासाठी मोर्सची सक्ती पूर्णपणे उठवली. आता मोर्सचे दिवस भरले, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. सक्ती गेली आणि प्रेम राहिलं. मेळाव्यात मोर्सच्या चाव्या विकणाऱ्यांपुढे आजही चांगली रांग असते. पितळी, लाकडी, चुंबकाच्या, नुसत्या स्पर्शानं चालणाऱ्या.

मोर्सवाल्यांच्या अभिमानाचा एक दाखला सगळ्यांना तोंडपाठ आहे. मे २००५ मध्ये जे लेनोच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात एक शर्यत लावली होती. एकीकडे मोबाइलवर झरझर एसएमएस करणारे दोन तरुण, दुसरीकडे जुन्या काळच्या तारबाबूंच्या वेशात दोन हॅम. मजकूर एकच. मोर्सवाल्यांचा निरोप पोचून लिहूनही झाला तेव्हा मोबाइलवाल्याची बटणं चालूच होती. खरं सांगायचं तर त्या वेळचे मोबाइल म्हणजे एका अक्षरासाठी एकच बटण तीनदा दाबायचे. ही शर्यत आज लावली तर काय होईल, हे मोर्सवाल्यांना न विचारणं बरं.

सूर्यावर डाग, हॅमला राग नाही

बाकी जगाला सूर्यावरच्या डागांशी देणंघेणं नसतं. हॅमला ते रोज सकाळी बघावे लागतात. शॉर्टवेव्हची लहर अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत येते, पुन्हा जमिनीवरून उसळते आणि अशा टप्प्यांनी पृथ्वीला वळसा घालते. सूर्यावर डाग जास्त असले की हा थर दाट होतो आणि पाच-दहा वॅटमध्ये न्यूझीलंड गाठता येतं. डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. त्यामुळे जुना हॅम आपलं आयुष्य चक्रांत मोजतो.

पण सूर्याचा लोभही जास्त झाला की अंगाशी येतो. १० मे २०२४ रोजी मोठं सौरवादळ आलं. लडाखमधल्या हानलेच्या आकाशातही लाल आभा दिसली, लोकांनी फोटो काढले, आणि शॉर्टवेव्हचे पट्टे मात्र मुके झाले. हॅमव्हेन्शन बरोबर एका आठवड्यावर होतं. त्या वर्षी गप्पांना विषय शोधावा लागला नसणार.

पाच वॅटचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो: कमी शक्तीत लांब बोलणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. त्याला 'क्यूआरपी' म्हणतात. एका वॅटला हजार मैल या हिशेबानं पल्ला गाठला तर प्रशस्तिपत्र मिळतं. हॅमव्हेन्शन शुक्रवारी सुरू होतं, पण हे लोक जवळच्या फेअरबॉर्न गावातल्या हॉटेलात गुरुवारीच आपला स्वतंत्र मेळावा भरवतात, पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलेले ट्रान्समीटर एकमेकांना दाखवतात. दुसऱ्या टोकाला दीड-दीड हजार वॅटचे अॅम्प्लिफायर घेऊन बसलेले लोक असतात. दोन्ही पंथ एकमेकांकडे बघून मान हलवतात.

चंद्रावर चेंडू

चंद्र पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटर दूर आहे. हॅम लोक त्याच्यावर रेडिओलहरी आपटवतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून तिसऱ्याशी बोलतात. हाक मारली की आपलाच आवाज सुमारे अडीच सेकंदांनी परत कानावर येतो. हौशी लोकांनी असं दुतर्फा बोलणं पहिल्यांदा जमवलं ते १९६० मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या नऊ वर्षं आधी. एप्रिल २०१० मध्ये पोर्तो रिकोतली आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची महाकाय दुर्बीण काही तासांसाठी हौशी लोकांच्या हाती आली. तेव्हा जगभरच्या लोकांनी हातात धरलेल्या साध्या अँटेनावर चंद्रावरून आलेला आवाज ऐकला.

त्या उद्योगात पुढे होते जो टेलर. हे भौतिकशास्त्रातले १९९३ चे नोबेलविजेते आणि 'के१जेटी' या कॉल साइनचे हॅम. 'एफटी८' ही पद्धत त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ मध्ये आणली. पंधरा सेकंद एकानं पाठवायचं, पंधरा सेकंद दुसऱ्यानं. कानाला ज्याची चाहूलही लागत नाही असा क्षीण संकेत संगणक गोंगाटातून उचलतो. मेळाव्यात भांडण पेटवायचं असेल तर 'एफटी८ हा खरा हॅम रेडिओ आहे का?' एवढंच विचारून बाजूला व्हा. एक म्हणेल, संगणकाशी संगणक बोलतो, माणूस चहा पितो. दुसरा म्हणेल, माझ्या सोसायटीत मोठी अँटेना लावू देत नाहीत, मला याच्याशिवाय जग कुठून मिळणार? माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं पारडं जड आहे. ज्यांना गच्चीवरची पाण्याची टाकी हलवायलासुद्धा सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते त्यांना हे पटेल.

खडकावर फळ्या टाकून

हॅमच्या जगात ३४० 'देश' आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या यादीपेक्षा बरेच जास्त, कारण इथं लांबचं बेटही वेगळा देश धरलं जातं. आपलं अंदमान वेगळं, लक्षद्वीप वेगळं. शंभर देशांशी बोलल्याची कार्डं दाखवली की प्रमाणपत्र, आणि पुढे ३४० पर्यंतची यात्रा. ही कार्डं म्हणजे 'क्यूएसएल', तुझं माझं बोलणं झालं अशी टपालानं येणारी पावती. हॅमव्हेन्शनला लोक चपलांच्या खोक्यांत अशी कार्डं भरून आणतात आणि तपासनिसांपुढे रांगा लावतात. खोट्या पावतीला इथं माफी नाही, पाच नऊला आहे.

ज्या देशात हॅमच नाही तिथं मोहिमाच निघतात. दक्षिण चीन समुद्रात स्कारबरो रीफ नावाची प्रवाळ खडकांची रांग आहे. भरतीच्या वेळी मोजकेच खडक पाण्याबाहेर डोकं काढतात. हॅम लोकांनी त्या खडकांवर लाकडी मचाणं बांधली, वर खुर्ची, टेबल, रेडिओ आणि छत्री मांडली आणि हजारो लोकांना 'देश' मिळवून दिला. २००७ ची मोहीम ही त्यातली अलीकडची. २०२३ च्या फेब्रुवारीत एक तुकडी अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या निर्मनुष्य, हिमाच्छादित बूव्हे बेटावर गेली. लाटांमुळे बोट किनाऱ्याला लागेना, तेव्हा हे लोक जलरोधक पोशाख घालून पोहत गेले आणि सामान दोरानं ओढून घेतलं. संपर्कांचा बेत याहून कितीतरी मोठा होता, एकोणीस हजारांच्या आसपास जमले. मेळाव्यात अशा मोहिमांची व्याख्यानं ऐकायला सभागृह भरतं. श्रोत्यांतले निम्मे तरी त्या एकोणीस हजारांत आपण होतो का, याचा हिशेब मनात लावत बसलेले.

उपग्रह हसला

डिसेंबर १९६१ मध्ये, पहिल्या स्पुटनिकनंतर चार वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या हॅम लोकांनी गॅरेजांत बनवलेला 'ऑस्कर-१' अवकाशात गेला. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटमध्ये वजन साधायला भार लागतो, त्या भाराच्या जागी याची वर्णी लागली. रॉकेटपासून त्याला ढकलणारी स्प्रिंग एका साध्या दुकानातून एक डॉलर पंधरा सेंटला आणली होती. तो मोर्समध्ये एकच शब्द पाठवायचा, 'एचआय', आणि हॅम भाषेत ते हसू आहे. बावीस दिवस तो हसत राहिला, मग जळून गेला.

१९८३ मध्ये ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानाच्या खिडकीला अँटेना लावून अंतराळातून पहिल्यांदा हॅम रेडिओवर गप्पा मारल्या. खाली बोलणाऱ्यांत जॉर्डनचे राजे हुसेनही होते. इस्रोनं ५ मे २००५ रोजी 'हॅमसॅट' सोडला, ४२.५ किलोचा. त्यातलं एक उपकरण भारतीयांनी बनवलेलं, दुसरं नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थी-हॅमनं. दोन वर्षांची अपेक्षा असलेला हा उपग्रह २०१४ पर्यंत चालला आणि जगभरचे लोक त्यावरून फुकट बोलले. २०२५ च्या जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकातून भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले तेही हॅम रेडिओवर. स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात मुलांनी रांगेनं प्रश्न विचारायचे आणि 'ओव्हर' म्हणायला विसरायचं नाही.

मॅक्सिमसाहेबांचं हत्यार

हॅमव्हेन्शनच्या दालनांना शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञांची नावं आहेत: टेस्ला, मार्कोनी आणि मॅक्सिम. हिराम पर्सी मॅक्सिम. याच्या वडिलांनी मॅक्सिम मशिनगन शोधली, आणि यानं काय शोधलं? बंदुकीचा सायलेन्सर. घरातला गोंगाट असह्य झाला असावा.

१९१४ मध्ये या मॅक्सिमसाहेबांना एक रेडिओ व्हॉल्व्ह हवा होता. विकणारा स्प्रिंगफील्डला, हे हार्टफर्डला. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण संदेश पोचेना. मधल्या गावातल्या एका हॅमला त्यांनी निरोप पुढे ढकलायला सांगितला आणि काम झालं. त्यावरून त्यांनी हौशी रेडिओवाल्यांची 'रिले' संघटना काढली, ती आज अमेरिकेतली सर्वांत मोठी. एका जुन्या व्हॉल्व्हच्या सौद्यातून एवढं उभं राहिलं! बाजारात व्हॉल्व्ह चिवडत बसलेल्या नवऱ्यांना बायकोपुढे मांडायला याहून भारी मुद्दा नाही.

मॅक्सिमसाहेब 'ओल्ड मॅन' या टोपणनावानं संघटनेच्या मासिकात खुसखुशीत लेख लिहीत. हवेत गैरवर्तन करणाऱ्यांना शिक्षा द्यायला त्यांनी एक काल्पनिक छळयंत्र रंगवलं: 'वूफ हाँग'. ते कसं वापरायचं हे कधीच सांगितलं नाही. पुढे १९१९ मध्ये लाकडाच्या वेड्यावाकड्या दोन तुकड्यांची एक खरी वस्तूच संघटनेत दाखल झाली, आणि ती मुख्यालयात अजून जपून ठेवलेली आहे. संघटनेच्या काही अधिवेशनांत मध्यरात्री दिवे मालवून 'रॉयल ऑर्डर ऑफ द वूफ हाँग'ची दीक्षा दिली जाते. आत काय होतं ते बाहेर सांगायचं नसतं. निवृत्त इंजिनीअर, डॉक्टर, प्राध्यापक अंधारात शपथ घेतात आणि सकाळी निमूट नाश्त्याला येतात.

गिरगावातली वाडी आणि पोर्ट ब्लेअर

हा सगळा खेळ आहे असं वाटत असेल तर आपल्याकडच्या दोन गोष्टी. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारनं भारतातल्या हॅमचे परवाने रद्द केले, संच जमा करायला लावले. मुंबईच्या नरिमन प्रिंटर या हॅमनं सुटे भाग ठेवून घेतले आणि १९४० मध्ये चोरून 'आझाद हिंद रेडिओ' चालवला. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला, त्याचा ट्रान्समीटर उभारण्यातही प्रिंटरचा हात होता. पोलिसांना चकवत जागा बदलत हे केंद्र तीनेक महिने बोलत राहिलं. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेख वाडीत छापा पडला. ठिकाण पोलिसांना कळलं ते आधी पकडल्या गेलेल्या प्रिंटरकडूनच. उषाताई तुरुंगात गेल्या, पण तोंड उघडलं नाही.

दुसरी गोष्ट डिसेंबर २००४ ची. भारती प्रसाद या हॅम पथक घेऊन अंदमानला गेल्या होत्या, कारण वर सांगितलेल्या 'देशां'च्या यादीत अंदमान फार दुर्मीळ झालं होतं. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातून रोज हजारो लोकांना 'पाच नऊ' देणं चालू होतं. २६ तारखेला पहाटे जमीन हादरली, त्सुनामी आली, फोन गेले. मोहिमेचा रेडिओ त्याच क्षणी मदतीचा रेडिओ झाला. बेटांवरून मुख्य भूमीकडे नातेवाइकांचे निरोप पुढचे कित्येक दिवस त्यावरून गेले. 'आवाज पोचला' या एवढ्याशा हौसेवर लोक आयुष्य का घालवतात, ते अशा वेळी कळतं.

टेबलामागे कोण

हॅम वारला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात. बाजारात काही टेबलांवर 'एसके इस्टेट' अशी पाटी असते. मागे बसलेल्या बाईंना किंवा मुलाला त्या पेट्यांतलं काहीच कळत नसतं. इथं एक अलिखित रीत आहे: जाणकार मित्र शेजारी बसतात, प्रत्येक वस्तूची खरी किंमत सांगतात, लबाड गिऱ्हाइकाला हाकलतात. ते बहुधा मृताचे 'एल्मर' किंवा शिष्य असतात. एल्मर म्हणजे हॅमचा गुरू. ज्यानं पहिल्यांदा सोल्डरिंग शिकवलं, ज्याच्या अँटेनावर पहिला परदेश ऐकला तो. एल्मर फी घेत नाही. तो फक्त सांगतो, पुढं कोणाचा तरी एल्मर हो.

खरेदी: रविवारी दुपारी

युरोपातला मोठा मेळावा जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराकाठी फ्रीड्रिक्सहाफेनला भरतो, जिथं झेपेलिनची हवाईजहाजं बनायची. जपानमधला टोकियोला. एके काळी जपानमध्ये साडेतेरा लाख हॅम केंद्रं होती, अमेरिकेपेक्षाही जास्त, आणि आयकॉम, याएसू, केनवुड या तिन्ही मोठ्या कंपन्याही तिथल्याच. आपल्याकडे हॅमफेस्ट इंडिया दर वर्षी शहर बदलत फिरतं. पण जुन्या सामानाच्या बाजारात डेटनला तोड नाही. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड एकाच मैदानात ओतला, की साधारण ते दृश्य. व्हॉल्व्हची पोती, तांब्याची वेटोळी, पाणबुडीतले मीटर, कोणाच्या तरी आजोबांनी घरी जोडलेला हीथकिट रेडिओ, आणि 'चालतो की नाही माहीत नाही' अशी प्रामाणिक चिठ्ठी.

जाणकार मंडळी शुक्रवारी दार उघडताच दुर्मीळ वस्तूंवर झडप घालतात, आणि जड वस्तूंसाठी रविवार दुपारची वाट बघतात. उदाहरणार्थ आर-३९०ए. अमेरिकी लष्करासाठी कॉलिन्स कंपनीनं रचलेला हा पन्नाशीच्या दशकातला रिसीव्हर. आत दातेरी चक्रांची अशी गुंतागुंत की घड्याळजीनं हात जोडावेत, आणि वजन ३८ किलोच्या घरात. अशा धुडांना हॅम लोक लाडानं 'नौकेचा नांगर' म्हणतात. शुक्रवारी विकणारा किंमत ताठ मानेनं सांगतो. शनिवारी थोडं ऐकून घेतो. रविवारी दुपारी त्याच्यासमोर दोनच पर्याय उरतात: मिळेल त्या भावात देऊन टाकणं, किंवा ते धूड पुन्हा मोटारीत चढवणं, आणि त्याची पाठ आता पंचाहत्तरीची आहे. भाव कोसळतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं, जिंकल्याच्या आनंदात सात-आठ पावलं चालतं, आणि मग त्याला आठवतं की विमानात एका बॅगेला तेवीस किलोंचीच परवानगी आहे.